घामट शर्ट आणि पोतेरं : ‘हिशेबनीस’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

हिशेबनीस साहेब,

आपली प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. उत्तर आज शनिवारी देतोय, कारण बुधवारी दिलं असतं तर ते मलाच नंतर काढून टाकावं लागलं असतं.

ज्यांनी मूळ लेख किंवा ती प्रतिक्रिया वाचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलपटूंनी प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली जर्सी, बॅट, चेंडू यांची किंमत दीर्घकाळ टिकते आणि खेळाडूच्या कारकिर्दीला इतिहासात जशी जागा मिळत जाते तशी ती वाढते, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपलं म्हणणं असं की मी फक्त यशस्वी उदाहरणं वेचली. लिलावाचं कमिशन, विमा आणि कर धरले तर त्यापेक्षा साधा इंडेक्स फंड बरा. डेरेक जीटरबद्दल दिलेलं साल चुकलं. आणि मी स्वतः आजवर काय विकलं ते सांगावं. या सगळ्याच्या मधोमध आपण एक वाक्य टाकलंय, ते जसंच्या तसं देतो : “शेवटी तो गोऱ्याचा घामट शर्टच, ज्या दिवशी लोक खेळाडूला विसरतील, त्या दिवशी शर्टाचं पोतेरं.”

आधी माझ्या चुकीबद्दल बोलू. न्यूयॉर्कचा नामवंत खेळाडू डेरेक जीटर हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात) २०२१ साली गेला असं मी लिहिलं होतं. त्याची निवड जानेवारी २०२० मध्ये झाली, एका मताने एकमत हुकलं, आणि कोविडमुळे सोहळा सप्टेंबर २०२१ मध्ये कूपर्सटाउनला झाला. मी सोहळ्याचं साल धरलं, आपण निवडीचं. आपण बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे. माणसाने चूक मान्य करावी, ती मी करतो. “एवढंही नीट बघता येत नाही का?” हे पुढचं शेपूट नसतं तर जास्त आनंदाने केली असती.

आता पोतेरं.

माझे वडील परळच्या गिरणीत साचा चालवायचे. घामट शर्ट म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई तो बादलीत वेगळा भिजवायची. त्यामुळे ‘घामट’ हा शब्द कुणी तुच्छतेने वापरला की माझं डोकं जरा लवकर फिरतं, आणि आपण तो तुच्छतेनेच वापरलाय. त्यात ‘गोऱ्याचा’ कशाला? ज्याच्या ७१५व्या होमरनने (बेसबॉलचा षटकार म्हणा) १९७४ मध्ये बेब रुथ या जुन्या दिग्गजाचा विक्रम मोडला तो हँक आरन कृष्णवर्णीय होता आणि त्या विक्रमाच्या वाटेवर त्याला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. आजचा सर्वांत महागडा चेंडू शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूचा आहे. १९ सप्टेंबर २०२४ला मायामीत त्याने एका मोसमात ५० होमरन आणि ५० चोरलेले बेस (चेंडू मारलेला नसताना धावत पुढचा टप्पा गाठणं) हा पल्ला गाठला. तो ५०व्या होमरनचा चेंडू महिन्याभराने ४३ लाख ९२ हजार डॉलरना गेला, तोही तैवानमधल्या खरेदीदाराला. गोरा यात कुठे आला?

असो. मूळ वाक्याकडे येतो, कारण आपल्या पूर्ण प्रतिक्रियेत मला विचार करायला लावणारं तेच एक आहे. (हे कौतुक समजू नये.)

बेब रुथ १९४८ मध्ये गेला. त्याला खेळताना पाहिलेलं माणूस आज शोधून सापडणार नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने शर्टाचं पोतेरं व्हायला हवं होतं. १ ऑक्टोबर १९३२, शिकागोचं रिगली फील्ड, वर्ल्ड सिरीजचा (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा) तिसरा सामना, पाचवी इनिंग, ४-४ बरोबरी, समोर पिचर, म्हणजे गोलंदाज, चार्ली रूट. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसरी झाली की फलंदाज बाद) रुथने हात वर करून बोट दाखवलं आणि पुढचा चेंडू सेंटर फील्डच्या बाहेर भिरकावला. बोट मैदानाबाहेर दाखवलं होतं, की टोमणे मारणाऱ्या शिकागोच्या खेळाडूंकडे, यावर लोक आजही भांडतात. त्या दिवशी त्याच्या अंगात जो राखाडी शर्ट होता, तो २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना विकला गेला. तोच शर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये कितीला गेला? २ कोटी ४१ लाख २० हजार. कॅल्क्युलेटर घ्या, आपलं नावच हिशेबनीस आहे : १९ वर्षं, दरसाल सरासरी साडेअठरा टक्के, चक्रवाढीने.

मधल्या काळात त्या शर्टात काय बदललं? कापड तेच. बदलला तो पुरावा. दरम्यान त्याचं फोटो-मॅचिंग झालं, म्हणजे सामन्याच्या दिवशीच्या छायाचित्रांत छातीवरची अक्षरं बटणांच्या पट्टीपासून कुठे पडतात, शिलाई कुठे वाकडी आहे, हे प्रत्यक्ष शर्टाशी ताडून पाहिलं गेलं. ‘रुथचा एक शर्ट’ आणि ‘त्या दिवशीचा तोच शर्ट’ यांतलं अंतर दोन कोटी डॉलरांचं असू शकतं. या धंद्यात ‘गेम-यूज्ड’ आणि ‘गेम-इश्यूड’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की शर्ट खेळाडूसाठी शिवला होता, तो त्याने घातला की नाही देव जाणे. आपल्याला ज्या घामाची किळस येते, नेमका तोच किंमत ठरवतो. बॅटच्या मुठीवरचा पाइन टारचा (पकडीसाठी लावतात त्या राळेचा) चिकटा, चेंडू लागल्याच्या खुणा, पँटच्या गुडघ्यावरची माती, हे कुणी धुवून काढलं तर संग्राहक रडतो.

चेंडूचंही तसंच. मेजर लीगचा (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा) प्रत्येक चेंडू सामन्याआधी चिखलाने चोळतात, चकाकी जाऊन पिचरला पकड मिळावी म्हणून. तो चिखल कित्येक दशकं आमच्याच न्यू जर्सीतल्या डेलावेअर नदीच्या एका फाट्यातून येतो आणि नेमकी जागा गुप्त ठेवली जाते. हे आपल्या मुद्द्याशी संबंधित नाही, पण ज्याला चिखलाचंही मोल कळतं अशा खेळाबद्दल आपण बोलतोय एवढं ध्यानात असू द्या.

पुरावा हवाच, कारण लबाडीही तितकीच आहे. नव्वदच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांच्या टोळ्यांवर ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं. सॅन डिएगोच्या टोनी ग्विनने स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या ओळखल्या होत्या! त्यानंतर मेजर लीगने २००१ मध्ये स्वतःची पद्धत आणली : प्रत्येक सामन्याला प्रमाणक हजर, बहुतेक आजी-माजी पोलीस, आणि वस्तू मैदानातून बाहेर आली की लगेच तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम. मलाही एका विक्रेत्याने ‘गेम-यूज्ड’ म्हणून बॅट विकली होती. घरी आणून दिव्याखाली धरली तर चेंडूची एक खूण नाही. चारशे डॉलर गेले. तेव्हा हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

आणि ‘लोक विसरतील’चं म्हणाल तर बिल बकनर घ्या. बावीस मोसम, २,७१५ हिट्स (चेंडू मारून सुखरूप टप्पा गाठणं), १९८० मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज. यातलं किती जणांना आठवतं? आठवतो तो २५ ऑक्टोबर १९८६, शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग. मूकी विल्सनने मारलेला सरपटता चेंडू बॉस्टनकडून खेळणाऱ्या बकनरच्या पायांमधून गेला आणि बॉस्टनच्या हातातोंडाशी आलेलं विजेतेपद निसटलं. तो चेंडू १९९२ मध्ये नट चार्ली शीनने ९३,५०० डॉलरना घेतला. २०००मध्ये तो ६३,९४५ला गेला (हो, खाली आला, मला दिसतंय, तुम्ही उड्या मारायच्या आधी मीच सांगतो) आणि २०१२ मध्ये ४ लाख १८ हजार २५०ला. कारकीर्द विसरली गेली, चेंडू नाही. यामुळे ‘कारकिर्दीबरोबर किंमत वाढते’ हे माझं मूळ वाक्य थोडं हलतं हेही मला कळतंय. ते माझं मी बघून घेईन. पण त्यातून तुमचं पोतेरं सिद्ध होत नाही.

बदनामीनेही दर वेळी पोतेरं होत नाही. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात शूलेस जो जॅक्सनला आयुष्यभरासाठी बाहेर काढलं. त्याची ‘ब्लॅक बेट्सी’ ही काळी बॅट २००१ मध्ये ५ लाख ७७ हजार ६१० डॉलरना गेली, तेव्हा तो बंदीच्याच यादीत होता. मृत खेळाडूंवरची ती बंदी उठली मे २०२५ मध्ये. सट्टेबाजीमुळे बंदी आलेला पीट रोझ त्याच दिवशी यादीतून निघाला, मरणानंतर साडेसात महिन्यांनी.

मार्क मॅग्वायरच्या चेंडूचा भाव कोसळल्याचं उदाहरण तुम्ही विजयी मुद्रेने दिलंत. ते मला ठाऊक नाही असं वाटलं का? १९९८च्या उन्हाळ्यात मी वायटूकेच्या (सन २०००साठी संगणक दुरुस्त करण्याच्या) कामावर अमेरिकेत आलो. चौघं एका खोलीत, दोघं डोंबिवलीचे, एक टीव्ही, आणि त्यावर रोज मोसमातल्या सर्वाधिक होमरनसाठी मॅग्वायर आणि सोसाची शर्यत. चेंडू हवेत असताना फलंदाज का धावतोय हेही कळत नव्हतं, पण ७०वा होमरन झाला तेव्हा आम्ही शेजारचे उठतील इतके ओरडलो. तो चेंडू जानेवारी १९९९ मध्ये कॉमिक्सकार टॉड मॅकफार्लेनने सुमारे ३० लाख डॉलरना घेतला. २००१ मध्ये बॅरी बॉन्ड्सने ७३ होमरन मारून तो विक्रम मोडला, २०१०मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइडची कबुली दिली, आणि आज त्या चेंडूला तेवढे पैसे कुणी देणार नाही. बॉन्ड्सचा ७३वा चेंडूही मॅकफार्लेननेच पुढे साडेचार लाखांच्या बोलीवर घेतला. तेही दोन प्रेक्षकांचं कोर्टात भांडण होऊन, न्यायाधीशाने विकून पैसे निम्मे-निम्मे वाटा असं सांगितल्यावर. झालं समाधान? गरम तव्यावर हात ठेवला की भाजतो. त्यात तव्याचा दोष नाही.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो, जेवायचंय. कमिशन असतं, मान्य. घर विकतानाही असतं. संग्राह्य वस्तूंवर अमेरिकेत दीर्घकालीन नफ्याला २८ टक्क्यांपर्यंत कर लागतो हे तुम्ही सांगितलंत; अहो, कर लागतो म्हणजे नफा झाला असणार ना! ‘फक्त यशस्वी उदाहरणं वेचली’ हा आक्षेप कोणत्याही लेखावर घेता येतो, त्यावर स्वतंत्रपणे कधीतरी लिहीन. एरन जजच्या ६२व्या होमरनच्या चेंडूला आलेली ३० लाखांची ऑफर नाकारून लिलावात १५ लाखच आले, हे मी लेखात का गाळलं असं विचारलंत. जागा नव्हती. ‘आपल्या लोकांना असलं वेड नाही’ म्हणता, तर वानखेडेवर २०११च्या अंतिम सामन्यात धोनीने षटकार मारला ती बॅट त्याच जुलैत लंडनला एक लाख पौंडांना गेली. कुणी घेतली? आपल्याच लोकांनी.

राहिलं ‘तुम्ही काय विकलं?’ हा प्रश्न विचारायची तुमची पद्धत मला आवडली नाही. नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या बाईने कपाट उघडून बघावं तशी ती आहे. तरी उत्तर देतो. एकच वस्तू विकली, मॅग्वायरच्या सामन्यातला एक बेस (मैदानावरची टप्प्याची गादी), त्याचाही एक चौकोनी तुकडा. २००२ मध्ये घेतला, २०१०मध्ये विकला. तोटा किती ते माझ्या बायकोला माहीत आहे, तुम्हाला असायचं कारण नाही.

जे विकलं नाही ते सांगतो. २ जुलै २०११, ट्रेंटनचं नदीकाठचं छोटं स्टेडियम. पायाच्या दुखापतीतून सावरणारा जीटर दोन सामने तिथे खेळायला आला होता. मुलगी आठ वर्षांची, माझ्या खांद्यावर. आठवड्याभरात, ९ जुलैला, त्याने ३,०००वी हिट मारली, तीही होमरन, आणि ज्या प्रेक्षकाच्या हाती तो चेंडू आला त्याने तो सरळ जीटरला परत दिला. तुमच्या लेखी तो मूर्ख असेल. माझ्याकडे ट्रेंटनच्या सामन्याची दोन तिकिटं आहेत, एकावर मोहरीच्या सॉसचा डाग. आणि त्याच मैदानावर एका पोराने डगआउटमधून (खेळाडूंच्या बाकावरून) दिलेली तडकलेली बॅट आहे. तो पोरगा मेजर लीगपर्यंत कधी पोचलाच नाही. तिची बाजारात किंमत शून्य आहे. बॅट गॅरेजमध्ये आहे आणि मी ती पुसत नाही.

ता. क. : तुमच्या प्रतिक्रियेला सात जणांनी अंगठा दिलाय. त्यातले दोन माझे मेव्हणे आहेत, त्यांच्याशी मी गणपतीत बोलेन.