आर्द्राच्या ताऱ्यापायी पेरणी थांबवू नका

परवा मोठे बाबांकडे गेलो तर सोयाबीनच्या थैल्या ओसरीतच. पाऊस चांगला झालाय, वावरात वाफसा आलाय, अन् हे म्हणते, "आर्द्राचा तारा मरून रायला म्हणते, यंदा पाणी दगा देईन." मोबाईल दाखवला तर तेच फॉरवर्ड, आमच्या गावच्या सगळ्या ग्रुपवर फिरलेलं: आर्द्राचा लाल तारा हळू धडधडतोय, जो तारा हळू धडधडतो तो मिणमिणता अन् मरायला टेकलेला, तो कधीही फुटणार, अन् तो विझला की आर्द्राचा पाऊस गेला. डोकंच फिरलं माझं.

आधी पाऊस. आर्द्रा लागलं म्हणजे 21-22 जूनच्या सुमारास सूर्य आकाशाच्या त्या भागात आला, एवढंच. तो तारा, म्हणजे काक्षी, बीटलज्यूज, त्या दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो, दिसतच नाही, पाहायचा तर हिवाळ्यात रात्री पाहा. त्याच्या उजेडालाच इथवर यायला पाचशे ते सातशे वर्षं लागतात. पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पाहायचा असतो, तारा नाही.

आता ते "हळू म्हणजे मिणमिणता". हे तर पार उलटं आहे! बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बारीक वाजते अन् मोठी घंटा जाड वाजते, कारण मोठी वस्तू सावकाश थरथरते. ताऱ्याचंही तसंच, फुगून मोठा अन् विरळ झाला की त्याची एक धडधड, म्हणजे एकदा फुगून पुन्हा आकसणं, पुरी व्हायला जास्त दिवस लागतात, अन् एवढा मोठा तारा उजेडही जास्त टाकतो. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पीटर वुड यांनी मोठ्या मॅगेलॅनिक मेघातले, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतले, लाल राक्षसी तारे घेतले, ते सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, साधारण 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षं, म्हणजे जो जास्त तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी. धडधडीचे दिवस अन् तेज एकासमोर एक मांडले तर वावरातल्या तासांसारख्या समांतर ओळी निघाल्या, अन् प्रत्येक ओळीत दिवस वाढले की तेज वाढते. काक्षी त्यांच्याहून मोठा, महाराक्षसी, पण कल तोच. त्याची 400 दिवसांच्या आसपासची धडधड लोक कित्येक दशकांपासून मोजत आलेत, यंदाची नवी गोष्ट नाही ती.

एक मान्य करतो. असे तारे नुसत्या डोळ्याला कधी मंद दिसतात, कारण त्यांचा बराचसा उजेड अवरक्त असतो, डोळ्याला न दिसणारा. मीरा तारा तर 332 दिवसांच्या फेऱ्यात डोळ्यांना पार दिसेनासा होतो अन् पुन्हा येतो. काक्षीही 2019-20 च्या हिवाळ्यात खरंच मंदावला होता, त्यानंच बाहेर टाकलेल्या धुळीनं, अन् मग सावरला.

अन् फुटणार का? हो, फुटणार. पण अंदाज पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी असा आहे.

हे सगळं ओसरीत बसून सांगितलं. मोठे बाबा "पाहू" म्हणून रायले. वाफसा उद्या-परवापर्यंतच आहे.