मुक्ताईनगरचा तो फॉरवर्ड आणि त्यात न छापलेला रकाना

पंधरा दिवसांत तो मेसेज मला चौथ्यांदा आला. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग भाच्याकडून, मग चक्क केळीच्या भावाच्या ग्रुपवर (तिथे कांदेबाग केळीचा भाव सोडून दुसरं काही टाकलं तर ॲडमिन बाहेर काढतो, पण याला हात लावला नाही) आणि शेवटी बोदवडच्या मामांकडून. ‘मुक्ताईनगर विधानसभा : सत्य इतिहास’. वर तीन झेंडे, खाली ‘प्रत्येक मतदारापर्यंत पोहोचवा’. मधे एक तक्ता, त्यात दोनच रकाने : साल आणि विजयी उमेदवार. आणि तक्त्याखाली ठोकून दिलेली सहा विधानं.

मामांना म्हटलं, यातलं बरंचसं चुकीचं आहे. मामा म्हणाले, “कायले एवढं डोकं लावतो भो? वाच अन् सोडून दे.” सोडवलं नाही.

पहिलं विधान : ‘१९५२ पासून जळगाव जिल्ह्यातला मुक्ताईनगर हा एकच, अखंड मतदारसंघ.’

१९५२ साली जळगाव जिल्हा नावाचा जिल्हाच नव्हता. तो पूर्व खानदेश होता, आणि निवडणूक मुंबई राज्याच्या विधानसभेची होती. मुक्ताईनगर हे नावही तेव्हाचं नाही. आधीचं नाव एदलाबाद, संत मुक्ताईच्या नावावरून मुक्ताईनगर पुढे आलं. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेली माणसं अजून ‘एदलाबादला जाऊन येतो’ म्हणतात. विधानसभेच्या यादीत २००४ पर्यंत एदलाबादच होतं. २००८च्या पुनर्रचनेनंतर ‘मुक्ताईनगर, क्रमांक २०’ आलं आणि त्या हद्दीवर पहिली निवडणूक २००९ला झाली.

पुनर्रचना म्हणजे पाटी बदलणं नव्हे, कुंपण हलवणं. आजच्या मतदारसंघात मुक्ताईनगर आणि बोदवड हे तालुके आहेतच, शिवाय रावेर तालुक्यातला सावद्याकडचा भाग आहे. माझी बहीण सावद्याची. तिचं तहसीलचं काम रावेरला आणि आमदार मुक्ताईनगरचा. दाखल्यासाठी एकीकडे जायचं, गटारीची तक्रार दुसरीकडे सांगायची. १९६७चं एदलाबाद आणि २००९चं मुक्ताईनगर एकाखाली एक लिहून ‘अखंड’ म्हणणाऱ्याने तिला एकदा विचारावं.

दुसरं : ‘हा मतदारसंघ पहिल्यापासून भाजपचा बालेकिल्ला, दुसऱ्या पक्षाला इथे थारा नाही.’

भाजपची स्थापना एप्रिल १९८०ची. तेव्हा ‘पहिल्यापासून’ हा शब्द तिथेच गळून पडतो. त्याआधीपासून एदलाबादच्या आमदार होत्या प्रतिभाताई पाटील. १९६२ला त्या जळगावातून निवडून आल्या आणि नंतर एदलाबादमधून सलग चार वेळा : १९६७, १९७२, १९७८, १९८०. काँग्रेसच्या राजकारणात वाढलेल्या ताई पुढे २००७ला राष्ट्रपती झाल्या. मेसेजच्या तक्त्यात मात्र त्यांचं नावच नाही. तक्ता १९९०ला सुरू होतो आणि दावा १९५२चा! देशाला राष्ट्रपती देणारा मतदारसंघ असं आपणच मिरवायचं आणि इतिहास सांगताना तीच पानं फाडायची, हे मला तरी झेपलं नाही.

१९९० ते २०१४ सलग सहा वेळा एकनाथराव खडसे निवडून आले, हे खरं आहे. त्याबद्दल वाद नाही. एक गंमत मात्र कोणी सांगत नाही. प्रतिभाताई १९७९-८०मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या आणि नाथाभाऊ, म्हणजे खडसे, २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते होते. ज्याला एका पक्षाचा गड म्हणतात त्याच मतदारसंघाने दोन वेगळ्या पक्षांचे विरोधी पक्षनेते दिले.

शिवाय त्या सहा विजयांपैकी पहिले पाच युतीतले होते. शिवसेना बरोबर होती. घरी आलेल्या धान्याच्या पोत्यांवर एकाच भावाचं नाव लिहिलं, म्हणून शेत एकट्याने पेरलं असं होत नाही. भाजपची स्वतःची मतं किती, हे मोजायची वेळ १९९०नंतर पहिल्यांदा आली ती २०१४ला.

आणि तिथेच तिसरं विधान कोसळतं : ‘२०१९चा निकाल हा निव्वळ अपघात. त्याआधी इथे कधी चुरस झालीच नाही.’

या विधानासाठीच मी हे लिहायला बसलो, कारण मेसेजमध्ये न छापलेला तिसरा रकाना, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार आणि त्याची मतं, इथे सगळं सांगून जातो.

सप्टेंबर २०१४मध्ये युती तुटली. तुटल्याचं जाहीर केलं खुद्द खडसेंनीच. महिन्याभरात मतदान झालं. खडसेंना ८५,६५७ मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर शिवसेनेचे चंद्रकांत पाटील, ७५,९४९. फरक ९,७०८. विरोधी पक्षनेता, मुख्यमंत्रिपदाच्या चर्चेतलं नाव, राज्यभर भाजपची हवा, आणि घरच्या मैदानावर दहा हजारांच्या आतला विजय. नाथाभाऊ जिंकले म्हणून पुढे कोणी मागे वळून पाहिलं नाही. ढग त्या वर्षीच भरून आले होते.

मग २०१६ला खडसेंनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, २०१९ला त्यांना तिकीट मिळालं नाही आणि भाजपने त्यांच्या कन्या रोहिणी खडसेंना उभं केलं. युती परत जुळली होती, जागा भाजपकडे. चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले, राष्ट्रवादीने त्यांना पाठिंबा दिला. निकाल : पाटील ९१,०९२, रोहिणीताई ८९,१३५. फरक १,९५७. पाच वर्षांपूर्वी पंचाहत्तर हजारांवर असलेला माणूस एक्याण्णव हजारांवर गेला, याला अपघात म्हणत नाहीत. त्याच रस्त्याने, त्याच दिशेने तो चालत आला होता.

त्या दिवशी आमच्या शाळेत कोणाचंच वर्गात लक्ष नव्हतं. शिपाई दर वीस मिनिटांनी स्टाफरूमच्या दारात येऊन आघाडीचा आकडा सांगायचा. एका फेरीला इकडे, एका फेरीला तिकडे. दुपारनंतर त्याने सांगणंच बंद केलं. म्हणाला, “सर, आता सगळं झाल्यावरच सांगतो.”

चौथं विधान : ‘इथे चिन्ह चालत नाही, घराणं चालतं.’ हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये खडसे राष्ट्रवादीत गेले. २०२४ला रोहिणीताई शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या तुतारीवर लढल्या आणि त्यांना ८८,४१४ मतं मिळाली. कमळावर ८९,१३५, तुतारीवर ८८,४१४. चिन्ह पार उलट्या बाजूला गेलं आणि मतं जेमतेम सातशेंनी हलली. मेसेजवाल्याला हा आकडा सापडला असता तर त्याने तो नक्की ठळक अक्षरांत छापला असता.

पण बेरीज तीच आली म्हणजे माणसंही तीच, असं नसतं. कमळासाठी मत देणारे काही गेले असतील, भाजपला कधीच न देणारे काही आले असतील. घागर तेवढीच भरली, पाणी वेगळं असू शकतं. ते पाहायचं तर केंद्रवार मतांचा नमुना २० उघडावा लागतो. मी आमच्या गावाचं पान छापून काढलं. आमच्याकडे एकाच शाळेत दोन केंद्रं : पहिलीच्या वर्गात एक, कार्यालयाशेजारी एक. मधे एक भिंत. एका खोलीने एकाला पुढे ठेवलं, दुसरीने दुसऱ्याला. गल्ली एक, दूध डेअरी एक, पारही एकच.

आणि घराणंच चालत असतं तर २०२४चा बाकीचा निकाल कुठे बसवायचा? मे महिन्यात मतदान झालेल्या रावेर लोकसभेच्या निवडणुकीत खडसेंच्या सूनबाई रक्षा खडसे कमळावर तिसऱ्यांदा निवडून आल्या, तेही दोन लाख सत्तर हजारांहून जास्त मतांनी. नोव्हेंबरमध्ये त्याच लोकसभेतल्या मुक्ताईनगरात लेक हरली. चंद्रकांत पाटील आता शिंदेंच्या शिवसेनेकडून, धनुष्यबाणावर, मतं १,१२,३१८. ७५ हजार, ९१ हजार, १ लाख १२ हजार. घराण्याचा आकडा जागच्या जागी आणि समोरचा चढत गेलेला. मेसेजमध्ये या चढत्या आकड्याला जागा नाही, कारण तक्त्यात फक्त विजयी उमेदवाराचं नाव आहे, मतं नाहीत.

पाचवं : ‘या मतदारसंघाने बाईला कधी निवडून दिलेलं नाही, म्हणून २०१९ आणि २०२४ला तसं झालं.’ यावर एवढंच, की वर दुसऱ्या मुद्द्यात चार सालं दिली आहेत. ती परत वाचावीत.

सहावं विधान जातवार टक्केवारीचं आहे. लेवा इतके, मराठा इतके, गुजर, कोळी, बंजारा, मुस्लिम, अगदी दशांश चिन्हासकट. मी बेरीज केली. १०४ टक्के भरते. म्हणजे शंभरच्या शंभर माणसांनी मतदान करून वर चार पाहुणेही आणले. थट्टा बाजूला ठेवू. अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर आपल्याकडे जातवार पूर्ण गणनेचे आकडे १९३१च्या जनगणनेनंतर प्रसिद्ध झालेले नाहीत, आणि मतदारयादीत जातीचा रकाना नसतो. मग ही टक्केवारी आली कुठून? आडनावं पाहून कोणीतरी अंदाज बांधला, दुसऱ्याने त्यात दशांश घातला. आमच्या भागात ‘पाटील’ आणि ‘चौधरी’ किती समाजांत आहेत हे ज्याला माहीत आहे, तो आडनावावरून टक्के काढायला बसणार नाही. उमेदवार जात बघून दिला जातो, प्रचारात ती बोलली जाते, हे मी नाकारत नाही. पण आकडा सांगायचा तर तो कोणीतरी मोजलेला हवा.

हे सगळं लिहून, मतांचा रकाना भरलेला तक्ता मी मामांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. रात्री जेवण झाल्यावर फोन वाजला.

“तो २०१४चा नऊ हजारांचा आकडा खरा हाय का? मी तर चाळीस-पन्नास हजारांची लीड समजून होतो.”

“खरा आहे मामा.”

थोडा वेळ शांतता. मागे टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

“बरं. अन् त्या साली मी कोन्या रकान्यात होतो, ते मात्र तुले सांगणार नाही.”