विकतची थाळी आणि कॉटलर यांचे पाते : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन सिरॅमिक कलाकार हॉवर्ड कॉटलर यांच्या डिकॅल-थाळ्यांच्या (म्हणजे छापील चित्रे चिकटवून भाजलेल्या थाळ्यांच्या) प्रदर्शनावरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. विकतच्या पांढऱ्या थाळीवर विकतचेच चित्र चिकटवणाऱ्याला सिरॅमिक कलाकार म्हणणे हा कुंभाराच्या चाकावर आयुष्य घालवणाऱ्यांचा अपमान आहे, हा पहिला. आणि सामान्य माणसाने हौसेने भिंतीवर टांगलेल्या वस्तूची टिंगल करून तीच गॅलरीत एकट्या कलाकाराच्या नावाने मांडणे हा शहाण्यांचा उद्दामपणा आहे, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसऱ्यातील काही भाग मान्य करावा लागेल.

कॉटलर यांना चाक येत नव्हते म्हणून ते बाजारात गेले, असे नाही. 1964 मध्ये त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून सिरॅमिक्समध्ये डॉक्टरेट मिळवली, त्याआधी ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर फिनलंडला जाऊन आले होते, आणि पुढे 1989 मध्ये निधन होईपर्यंत ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत होते. हाताने घडवलेल्या, खरबरीत, मातीच्या रंगाच्या भांड्यालाच ‘प्रामाणिक’ मानण्याची त्या काळी जी रीत पडली होती, तिला त्यांनी जाणूनबुजून पाठ दाखवली. आपल्या आक्षेपामागे तीच रीत आहे, असे मला वाटते.

शिवाय चिकटवणे हे काम आपण समजता तितके सोपे नाही. डिकॅल म्हणजे सिरॅमिक रंगांत छापलेले चित्र. ते पाण्यात भिजवले की कागदापासून सुटते, मग झिलईच्या थाळीवर सरकवून त्याखालचे पाणी आणि हवा दाबून बाहेर काढावी लागते. एखादा बुडबुडा राहिला तर भट्टीत तो फुटतो आणि तिथला रंग उडतो. नंतरच्या मंद भाजणीत झिलई जराशी मऊ होऊन रंग तिच्यात मुरतो, आणि मग दुरुस्तीची सोय उरत नाही. कॉटलर ही छापील चित्रे आधी पात्याने कापून त्यांची नवी जुळणी करीत, आणि सांधा दिसू नये हीच त्यांची खरी कसोटी होती.

‘लुक अलाइक्स’ ही 1972 सालची थाळी घ्या. ग्रँट वूड यांच्या 1930 मधील ‘अमेरिकन गॉथिक’ या चित्रात दाताळे धरलेला शेतकरी आणि त्याची मुलगी आहे, पण बहुतेक लोक त्यांना नवरा-बायको समजतात. (वूड यांनी त्यासाठी उभे केले होते ते आपल्या बहिणीला आणि आपल्या दंतवैद्याला.) कॉटलर यांनी बाईच्या चेहऱ्याच्या जागी त्याच पुरुषाचा चेहरा बसवला. पहिल्या नजरेला काही जाणवत नाही; दुसऱ्या नजरेला त्या घरापुढे दोन पुरुष उभे दिसतात. कॉटलर स्वतः समलिंगी होते, आणि वॉशिंग्टन राज्यात अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा 1976 पर्यंत अस्तित्वात होता. ही गोष्ट दिवाणखान्यात टांगायच्या थाळीवरच सांगण्यात अर्थ होता, कारण सुखी कुटुंबाची ठरीव चित्रे याच थाळ्यांवरून घरोघरी पोहोचत होती. हाताने घडवलेल्या, एकुलत्या एका भांड्यावर तो डाव साधला नसता. टिंगल असलीच तर ती त्या ठरीव चित्राची आहे, थाळी टांगणाऱ्या गृहिणीची नव्हे.

तरीही आपला एक मुद्दा माझ्या मनातून जात नाही. या थाळ्यांसाठी कॉटलर खास कातडी आणि कापडी वेष्टने करवून घेत. मूळ लेखात मी त्यांना स्मरणिका-थाळ्यांच्या दिखाऊ खोक्यांचे विडंबन म्हटले होते. ते विडंबन आहेच. पण त्याच वेष्टनामुळे थाळी संग्राहकाच्या हाती शोभेशी झाली, आणि ज्या कारागिरांनी मूळ डिकॅल रेखाटले त्यांची नावे मात्र कुठेच आली नाहीत. गॅलरीच्या पाटीवर एकच नाव राहते, ही आपली तक्रार रास्त आहे.

‘घरगुती अभिरुचीची मनसोक्त खिल्ली’ असे जे शब्द मी लेखात वापरले होते, ते आपल्या पत्रानंतर काढून टाकले आहेत. कॉटलर यांच्या कामाचे ते वर्णन नव्हते; तो माझा उथळपणा होता.