झिंकच्या गोळीचा तो फॉरवर्ड खरा नाहीये, एकेक वाक्य घेऊन सांगते

सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गरोदरपणात झिंक कमी होतं म्हणून रोज ५० मिलीग्रॅमची गोळी घ्या, आयर्नची गोळी बंद करा कारण ती झिंक शोषू देत नाही, आणि बाळंतपणानंतरही झिंक चालू ठेवा नाहीतर दुधात उतरतच नाही. माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, तिनी हे वाचून गोळ्या आणल्यासुद्धा, म्हणून लिहितेय.

आधी ते ५० मिलीग्रॅम. आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२० च्या तक्त्यात गरोदर बाईला दिवसाला १४.५ आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १४.१ मिलीग्रॅम सांगितलंय, तेही जेवणातलं धरून, आणि वरची मर्यादा ४० आहे. म्हणजे ही एक गोळीच मर्यादा ओलांडते. बरं जास्तीचं झिंक नुसतं वाया जात नाही, बरेच दिवस घेतलं तर ते तांबं शोषू देत नाही आणि तांबं कमी पडलं की रक्तही कमी होतं, म्हणजे ज्याला घाबरतो तेच ओढवून घ्यायचं! बहिणीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात झिंक सल्फेट २२० मिलीग्रॅम होतं, पाकीट उलटं करून उजेडात धरलं तेव्हा खाली बारीक अक्षरात दिसलं, त्यातलं खरं झिंक ५०. आपण बघायचा असतो तो खालचा आकडा.

‘तपासलं तर रक्तात कमीच निघतं’ असंही त्यात आहे. निघणारच. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे झिंकचा आकडा तसाच खाली येतो, तेवढ्यावरून कमतरता ठरत नाही.

आयर्नचं मात्र ऐकून अंगावर काटा आला. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना अ‍ॅनिमिया आहे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत ५२.२ टक्के, आणि तुम्ही आयर्न बंद करा म्हणता? दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटी एकत्र घेतल्या तर झिंक कमी शोषलं जातं हे खरं, पण डॉक्टरांनी दोन्ही दिल्या असतील तर मध्ये दोन-तीन तास सोडा, झालं.

आता दुधाचं. चिकाच्या दुधात झिंक सगळ्यात जास्त असतं आणि पुढे महिन्यागणिक कमी होत जातं, सगळ्याच आयांचं, आईनी गोळी घेतली तरी त्यात फारसा फरक पडत नाही. त्या काळात आईचं शरीर जेवणातलं झिंक जास्त ओढून घेतं. सहा महिन्यांनी बाळाला वरचं अन्न लागतं त्याचं एक कारण हेच, तेव्हा लक्ष बाळाच्या वाटीकडे द्या.

शाकाहारी बायकांची काळजी मात्र रास्त आहे, ती मी उडवून लावणार नाही. धान्य-डाळींमध्ये फायटेट नावाचा घटक असतो, तो झिंक धरून ठेवतो आणि शरीराला नीट शोषू देत नाही. पण त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे, मटकी भिजवून मोड आणा, इडलीचं पीठ नीट आंबू द्या, त्यानी फायटेट कमी होतं. भाकरीबरोबर तिळाची चटणी घ्या, १०० ग्रॅम तिळात ७ मिलीग्रॅमच्या आसपास झिंक असतं. कोकणातल्या मैत्रिणींनो, कालवांत तर भरपूर, फक्त पूर्ण शिजवून खा.

ज्यांना आतड्याचा आजार आहे किंवा ज्यांचं वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांना गोळी लागू शकते, ते डॉक्टर ठरवतील. बहिणीनी कालच पाकीट तिच्या डॉक्टरांना दाखवलं, झिंक बंद झालं, आयर्न चालू आहे आणि ओट्यावर मटकी भिजत ठेवलीय.