युनियनमुळे कारखाने बंद पडले म्हणे

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आला. थोडक्यात असा की युनियनच्या दादागिरीमुळे जीएम, म्हणजे जनरल मोटर्स, पुण्याजवळच्या तळेगावातून पळाली, फोर्डही गेली, आपल्याकडे गाड्या बनणं संपत आलंय, इलेक्ट्रिक गाडीला तर माणूसच लागत नाही, तेव्हा पोरांना आयटीआयला घालून त्यांचं वाटोळं करू नका. खाली हात जोडलेले इमोजी. पाठवणारे मामा, म्हणून तिथं गप्प बसलो, इथं लिहितो.

पहिलं युनियनचं. जीएमने २०१७ मध्ये गुजरातचा हालोल प्लांट बंद केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी भारतात गाड्या विकणंही थांबवलं. त्याच वर्षी युरोपातली आपली ओपेल कंपनी विकून टाकली, दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली, ऑस्ट्रेलियातला त्यांच्याच होल्डनचा शेवटचा कारखानाही तेव्हाच बंद झाला. आता हे सगळं तळेगावच्या युनियनने केलं का? जीएमच्या शेवरोले गाड्यांना इथं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं हो, बाजारातला वाटा एक टक्क्याच्या आसपास. तळेगावात तरी २०२० च्या डिसेंबरपर्यंत एक्सपोर्टसाठी गाड्या बनत होत्या, म्हणजे देशात विक्री बंद झाल्यावरही तीन वर्षं याच कामगारांनी लाइन चालवली, आणि युनियन कोर्टात गेली ती कारखाना बंद करू नका म्हणून.

फोर्डचंही तेच, भारतात दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरच्या वर तोटा. छोट्या स्वस्त गाड्यांच्या बाजारात मारुती आणि ह्युंदाईपुढे टिकाव लागला नाही. हरियाणात मारुतीच्या मानेसर प्लांटमध्ये २०१२ ला कामगारांचा केवढा राडा झाला, एक अधिकारी जिवानिशी गेला, तरी मारुतीने प्लांट कायमचा बंद केला नाही, कारण गाड्या खपत होत्या.

दुसरं, "गाड्या बनणं संपलं". २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाखांच्या आसपास कार आणि एसयूव्ही विकल्या गेल्या, जवळपास सगळ्या इथंच बनलेल्या, वर सात लाखांहून जास्त एक्सपोर्ट झाल्या. यावर जास्त काय बोलायचं, सकाळी शिफ्टच्या टायमाला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून बघा, गाडी हलत नाही.

आणि ज्या तळेगावच्या नावानं मेसेज रडतोय तो प्लांट परत चालू झालाय. आधी चीनची ग्रेट वॉल घेणार होती, सीमेवर तणाव झाला, सरकारी परवानगी अडकली, २०२२ मध्ये तो व्यवहार फिसकटला, मग ह्युंदाईने घेतला आणि आता तिथं गाड्या बनतात. पण खरी मेख इथं आहे आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. ह्युंदाईने घेतली ती जमीन, इमारती आणि काही मशिनरी. माणसं त्या सौद्यात नव्हती. जुने कामगार आम्हाला पण घ्या म्हणून आंदोलनं करत राहिले. तिकडे गुजरातेत साणंदला टाटांनी फोर्डचा प्लांट घेतला तेव्हा करारातच होतं की पात्र कामगारांना नोकरी देऊ, आणि युनियन तिथंही होती बरं का. कागदावर काय लिहून घेतलं एवढाच फरक.

आता इलेक्ट्रिक. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. पिस्टन, क्लच, सायलेन्सर, इंजेक्टर यातलं काहीच इलेक्ट्रिक गाडीला लागत नाही, आणि भोसरीत असे सुटे भाग बनवणारे छोटे व्हेंडर गल्लोगल्ली आहेत, त्यांनी आत्ताच दुसरं काम शोधायला लागलं पाहिजे. पण "माणूसच लागत नाही" हे लिहिणाऱ्याने असेंब्ली लाइन बघितलेली नाही. वेल्ड शॉप आणि पेंट शॉपमध्ये रोबोट कित्येक वर्षांपासून आहेत, त्यात नवीन काय? वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरींची जुडी) ओढणं, डॅशबोर्ड बसवणं, सीट, दरवाज्याचं रबर, हे मऊ, वाकणारं, हातात घेऊन जुळवायचं काम रोबोटला अजून धड जमत नाही. ते इलेक्ट्रिकमध्येही तसंच राहतं. महिंद्राच्या नवीन इलेक्ट्रिक गाड्या चाकणलाच बनतात, टाटाची नेक्सॉन रांजणगावला, जाऊन बघा आत कोण उभं असतं.

मग नोकऱ्या गेल्या कुठं? कुठं नाही, परमनंटच्या कंत्राटी झाल्या. देशातल्या कारखान्यांत दर दहा कामगारांमागे चार ठेकेदाराकडचे आहेत. मीच एका व्हेंडरकडे क्वालिटीला होतो, सात महिने झाले की कामावरून ब्रेक, मग नवीन ठेकेदाराचं नवीन कार्ड, मशीन तेच, सुपरवायझर तोच, आणि सर्व्हिस मात्र परत शून्यापासून. तिथं युनियनच नव्हती, दादागिरी कोण करणार होतं?

मामांचा नातू इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, परवा फोनवर विचारत होता की दादा सोडू का. म्हटलं अजिबात सोडू नको, फक्त इंटरव्ह्यूला पगाराच्या आधी विचार की लेटर कंपनीचं मिळणार का ठेकेदाराचं.