जुम्म्याचं बयान आणि बापूचे पाचशे

मिरजेत आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या गिरणीची पायरी. शुक्रवारी शकील नमाजहून थेट तिथंच येतो. त्यांच्या मशिदीत सध्या देण्याघेण्यावर बयान, म्हणजे प्रवचन, चालू आहे, दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, एक विषय.

"व्याज हराम, झालं. अजून काय सांगणार?" बापू.

"आज उधारी होती. कुराणातली सगळ्यात लांब आयत, म्हणजे वचन, कशावर आहे माहितीय? नमाजवर नाही, रोज्यावर नाही. उसनवारी केली तर मुदत घालून लिहून ठेवा, साक्षीदार घ्या. सूरह (अध्याय) बकरा, आयत 282. अन् दोनच आयती आधी, देणेकरी अडचणीत असेल तर सवड द्या."

"मग मला सवड दे की. पाचशेच तर आहेत."

"ते लिहिलेलेच नाहीत, हीच माझी चूक."

मास्तरांनी जकातीचं काढलं, म्हणजे मुसलमानांनी शिलकीतून दरवर्षी द्यायच्या दानाचं. अडीच टक्के सगळ्यांना पाठ, पण द्यायची कुणी? शकील म्हणाला, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर असली की लागू. एके काळी दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. आता चांदी धरली तर चार पैसे साठवलेला रिक्षावालाही जकात देणार, सोनं धरलं तर बरा दुकानदारही सुटणार. मला विचाराल तर हा वाद मौलानांनी सगळ्या जमातीसमोर घालावा. नफ्याचंही तसंच. 2019 ला बंगळूरात 'हलाल', म्हणजे धर्माला चालणाऱ्या, नफ्याच्या नावावर हजारोंचे पैसे बुडाले. व्याज नाही एवढं लोकांनी पाहिलं. नफा येतो कुठून, हे विचारायला शिकवलं होतं कुणी?

"अन् बहिणींच्या वाट्यावर बयान कधी?" बापूनं विचारलं.

शकील जरा थांबला. "यादीत आहे. सूरह निसा, 11. मुलाच्या निम्मा वाटा मुलीला. पण शेतीचं वेगळं असतंय. 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमीन वगळलीय."

"मशिदीत कायदा शिकवतात की कुराण?" मास्तर म्हणाले. मग बापूकडं वळून, "तू हसू नको. हिंदू वारसा कायद्यानं 2005 पासून वडिलोपार्जितात तुझ्या बहिणीला तुझ्याएवढाच हक्क आहे. हक्कसोड कुणी करून घेतलं?"

"तिनं राजीखुशीनं सही दिली. साडीचोळी केली की तिला."

"मीपण केली," शकील म्हणाला.