हळद द्या, पण लस थांबवू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 50 किलोच्या खाद्याच्या पोत्यात 1 किलो हळद, अर्धा किलो लसूण आणि शेवग्याचा पाला मिसळा. मग लस नको, औषध नको, 30 दिवसांत पक्षी अडीच किलोचा. झाडपाल्याचंच आहे, अपाय काहीच नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका शेडवर हे ऐकून लासोटा, म्हणजे रानीखेतची लस, टाळली. चौथ्या आठवड्यात पक्षी माना वाकड्या करून गोल फिरायला लागले, विष्ठा हिरवट पडू लागली. सकाळी मेलेले पक्षी गोळा करायला मीही जात होतो. म्हणून हे लिहितोय.

आधी लसीचं. रानीखेत आणि गंबोरो हे कोंबड्यांचे विषाणूंचे रोग. अंड्यातून मिळालेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते, पुढे लसच कामी येते. हळदीतलं कुरकुमिन रक्तात फारसं उतरतच नाही. जो काही उपयोग आहे तो आतड्यापुरता.

वजन अडीच किलो? बॉयलर कोंबडीची वाढ मुळात जातीतच असते. कॅनडातल्या संशोधकांनी 1957 आणि 2005 च्या जातींची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. 56 दिवसांनी जुनी जात 900 ग्रॅमच्या आसपास, नवी 4 किलोच्या वर! खाद्यात चिमूटभर काही घालून असा फरक पडत नाही. जमलं तर एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, थोडा सुधारतो.

आता त्यातलं खरं काय तेही सांगतो, कारण विषय टाकाऊ नाही. वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं युरोपने 1 जानेवारी 2006 पासून बंद केलं, आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. तेव्हापासून ओव्यातलं थायमॉल, दालचिनीचं तेल, लसणाचा अर्क यांवर बरंच काम झालंय. आतड्यातले त्रासदायक जिवाणू त्यांनी कमी होऊ शकतात. पण हे काम मोजून काढलेल्या अर्कांवर झालंय. बाजारच्या हळदपुडीत अर्क किती ते कळत नाही, आणि रंगासाठी शिशाचं क्रोमेट मिसळलेली हळदही विकली जाते.

"अपाय काहीच नाही" हेही चूक. पोत्याला 1 किलो म्हणजे किलोमागे 20 ग्रॅम. प्रयोगांत बहुतेकदा 10 ग्रॅमच्या आतच राहतात. शेवग्यात प्रथिनं आहेत, तसा तंतू आणि सॅपोनिन हे कडवट द्रव्यही आहे. जास्त झाला की पक्षी खाणं कमी करतात. शिवाय कंपनीच्या पेलेट (गोळी) खाद्याला पूड चिकटत नाही. फीडर हलवून बघा, पिवळी भुकटी तळाला बसलेली दिसेल.

आपल्या कोकणात आतड्याचा खरा शत्रू म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं ओलं तूस. आषाढात मूठभर तूस आवळून बघा, गोळा तसाच राहिला तर कॉक्सीला, म्हणजे आतड्याच्या परजीवी रोगाला, आयतं घर मिळालं. तूस उलटा, चुना मारा, पाण्याचे निपल गळत असतील तर बदला. शेडमध्ये वाकल्यावर ओल्या तुसातल्या अमोनियाने डोळे चुरचुरत असतील, तर लसूण घालून काहीही होणार नाही.

तरीही करून बघायचं असेल तर एकाच लॉटचे पक्षी जाळी लावून दोन भागांत ठेवा, एकालाच हळद द्या, दर आठवड्याला दोन्हीकडची वजनं लिहा. खाद्य कंपनीचं असेल तर कंपनीच्या सुपरवायझरला आधी विचारा. लस दोन्ही भागांना द्या, आणि लसीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर अजिबात नको.